ज्याची त्यानं द्यायची गोळी

शिवकांतानं प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं पीठ मळायला घेतलं. शिकवणीची पोरं ताटं घेऊन बसली होती. लातुरातली तिची मेस, तिच्याशिवाय भाकरी कोण थापणार?

ओल्या फरशीवर जरासा पाय सरकला, हात टेकला, तेवढ्यानं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून कपाळाला हात लावला. चाळिशीच्या बाईची हाडं सत्तरीची झाली होती! तरुणपणीच गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढलेले, अंगातलं हार्मोन अकाली आटलं, हाडं आतून पोखरली. तेव्हा हार्मोनच्या गोळ्या दिल्या नव्हत्या का, असं बाईंनी विचारलं.

दिल्या होत्या की! म्हणूनच तर शिवकांताचं डोकं भणाणलं होतं.

भूकंपानंतर सगळे किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. सासूला, तारामतीला, शिवकांताच्या ट्रंकेत त्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. दिसायला पाळणा लांबवायच्या गोळ्यांसारखंच. झालं! ही चोरून असली गोळी का खाते, म्हणून शेडभर कुजबुज. पिशवीच नाही तर पोर राहील कुठून, एवढंही कुणाच्या ध्यानात आलं नाही. संशयाला कुठं अक्कल असते! नवऱ्यानं, नरसिंगनं, एका शब्दानं न विचारता सगळ्यांदेखत पाकीट चुलीत घातलं. तिनंही लाजेनं तोंड शिवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उशीर झालाय, पण त्याच गोळ्यांचा अजूनही हाडांना उपयोग होईल. हाडांचं औषधही लागेल.

शिवकांतानं पीठ तसंच टाकलं. गोळ्यांचं नवं पाकीट आणून पोरांच्या पंगतीला बसलेल्या नरसिंगच्या ताटात ठेवलं. पोरांच्या माना वळल्या.

"ही माझ्या हाडांची गोळी हाय," ती म्हणाली. "तुम्ही जाळली होती तीच. आता रोज तुमच्या हातानं द्यायची. हितंच, समद्यांसमोर."

"पोरं बघायलीत, शिवकांता," तो पुटपुटला.

"तेव्हा बी लोक बघतच होते की."

नरसिंगनं मान खाली घालून गोळी काढली आणि तिच्या डाव्या तळव्यावर ठेवली. तिनं ती तोंडात घातली नाही. मूठ मिटून तशीच बसली, नजर कोपऱ्यातल्या सासूवर.

तारामती भिंतीला धरून उठली. माठातून तांब्या भरला आणि सुनेपुढं आणून धरला.