कळकलेला घास

मित्रांनो, आधी पाठ ताठ करून बसा. पोक काढून बसलेल्यांना मी कधी काही वाढले नाही, आज सांगणारही नाही. मी तांब्याची देगची आहे. देगची म्हणजे खोल पोटाचे, रुंद तोंडाचे मोठे पातेले. मी जुनी आहे, हे मला मान्य आहे. मोडीत घालण्याजोगी आहे, असे मात्र कोणी माझ्या तोंडावर म्हणून दाखवावे!

माझा जन्म पुण्यात, तांबटांच्या आळीत झाला. सपाट पत्र्यावर तांबटाने ठोके घालून घालून मला आकार दिला. माझ्या अंगभर त्या ठोक्यांच्या खुणा आहेत. त्यांना मठारकाम म्हणतात. हल्लीच्या गुळगुळीत भांड्यांनी असा एक ठोका सोसलेला नसतो, म्हणून पहिल्या आदळण्यातच त्यांना पोचा पडतो. नंतर आतून मला कल्हई झाली, म्हणजे कथलाचा रुपेरी थर चढला. ही कल्हई नीट लक्षात ठेवा. तांब्याला आंबट सोसत नाही. उघड्या तांब्यात चिंचेचे किंवा ताकाचे काही राहिले, तर ते हिरवट पडते, कडवट लागते आणि पोटात गेल्यास विष ठरते. आपल्या भाषेत त्याला पदार्थ कळकला असे म्हणतात. कल्हई शाबूत असेपर्यंत भय नसते. पण ती झिजते. म्हणून माझ्यासारखीला अधूनमधून घर सोडून कल्हईवाल्याच्या भट्टीवर जाऊन यावे लागते.

ताजुन्निसा लग्न होऊन जुन्नरहून चाकणला आली, तेव्हा तिच्या माहेरच्यांनी मला तिच्याबरोबर दिले. माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिचे नाव कोरलेले आहे. त्या काळी चाकणच्या हवेला कांद्याचा वास असे. पुढे कारखाने आले, कंटेनर आले, आणि कांद्याच्या वासात डिझेलचा वास मिसळला. ताजुन्निसाचा मुलगा अन्वर टेम्पो दुरुस्त करू लागला. मी मात्र होते तेथेच होते. ईदचा शीरखुर्मा माझ्यात आटला, मोहरमचा खिचडा माझ्यात घोटला गेला, आणि शेजारच्या ज्योतीरामाच्या मुलाच्या बारशाला मी सन्मानाने जाऊन, पन्नास पाने उठवून, घासूनपुसून परत आले. गल्लीत कोणाकडे कार्य निघाले की पहिला प्रश्न एकच असे, "ताजुन्निसाबींची देगची मोकळी आहे का?"

मग एक वर्ष वाईट निघाले. दारावर आलेल्या फिरत्या कल्हईवाल्याने मला नेले आणि परत आणले, तेव्हा माझे झाकण बदललेले होते. माझे झाकण जड, नाव कोरलेले. हे हलके, निनावी. ते आजही माझ्यावर नीट बसत नाही, वाफ आली की थडथडते. कल्हईवाला पुन्हा दिसला नाही. ताजुन्निसाने त्या दिवशी हुकूम सोडला, "आज झाकण गेलं, उद्या देगची जाईल. आता ही उंबऱ्याबाहेर पडणार नाही."

मला तो हुकूम मानाचा वाटला. मौल्यवान वस्तूलाच घरात ठेवतात, असे मी समजत होते. वर्षे गेली. आतली कल्हई झिजत गेली आणि तळाला तांबूस डाग दिसू लागले. अन्वरची बायको जास्मिन अधूनमधून म्हणे, "अम्मी, हिला भट्टी दाखवायला हवी." ताजुन्निसा उत्तर देई, "आंबट शिजवू नकोस, म्हणजे झालं." शेजारच्या सुमनताई उदगीरकडच्या, त्यांची जीभ भारी तिखट. त्या म्हणत, "अम्मी, तुमची देगची आन् माजी सासू, दोगी बी घरातनं हलायच्या न्हाईत बगा!"

आता अफरीनचे सांगते. अन्वरची ही एकुलती एक लेक. तिला पुण्याच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. ती घरून जाऊन-येऊन शिकेल, हे कोणी ठरवलेसुद्धा नाही; ते ठरलेलेच होते. पण चाकण आणि विद्यापीठ यांच्यामध्ये मोशी आहे, भोसरी आहे, आणि त्या रस्त्यावर दिवसरात्र तुंबून राहिलेली वाहने आहेत. पोर उजाडायच्या आत निघे. परत येई तेव्हा तिच्यात बोलण्याचे त्राण नसे. तिचा वाटा माझ्यात झाकून ठेवलेला असे. ती मुकाट्याने जेवे आणि पुस्तक उशाशी घेऊन तशीच झोपी जाई. दुपारनंतरची प्रयोगशाळा तिला अर्धी टाकून बसथांब्याकडे पळावे लागते, हे फक्त जास्मिनला ठाऊक होते.

अशात विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात एक खाट रिकामी झाली. शनिवारी संध्याकाळपर्यंत तेथल्या मॅडमना होकार कळवायचा होता. नाहीतर खाट पुढच्या मुलीची. त्या आठवड्यात आमच्या घरात भांड्याला भांडे लागले तरी सगळे दचकत.

अन्वर म्हणाला, "स्वतःचं घर असताना हॉस्टेल कशाला? विद्यापीठ काय चंद्रावर आहे?"

अफरीन हळूच म्हणाली, "चंद्रावर वेळेत पोचता येतं, अब्बा. वाटेत मोशी नाही."

जास्मिनला हसू फुटले आणि तिने ते पदरात दाबले. ताजुन्निसा हसली नाही. ती म्हणाली, "घरातली पोरगी जेवून झोपली की उपाशी, हे मला रोज रात्री कळलं पाहिजे. बस्स." शुक्रवारी तिने नातीला समोर बसवून सरळ विचारले, "तुला जायचं आहे का? बोल."

अफरीनने माझ्याकडे पाहिले, फरशीकडे पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, दादी."

"बघ!" ताजुन्निसा मुलाला म्हणाली. "पोरीला कुठे जायचं आहे?"

मला अतिशय समाधान वाटले. मी ताजुन्निसाच्याच बाजूची होते. जे मौल्यवान, ते घरात. तरीही मॅडमना नकार कळवायला अन्वर घुटमळत होता. तेव्हा ताजुन्निसाने तोडगा काढला. शनिवारी अफरीनचा अर्धाच दिवस होता. तिने दुपारी जेवायला घरी यावे, जास्मिनने तिच्या आवडीची खट्टी दाल करावी, सगळ्यांनी एका दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर, बसावे आणि जेवण झाल्यावर अन्वरने मॅडमना फोन करून नकार कळवावा.

खट्टी दाल म्हणजे चिंचेचा दाट कोळ. जास्मिन थबकली. "अम्मी, स्टीलच्या पातेल्यात करते."

"शुभकामाला स्टील? माझ्या देगचीत होईल. ऊन ऊन खाऊन संपवू, तेवढ्यानं काही होत नाही."

तिचे अगदीच चुकत होते असे नाही. शिजवून लगेच संपवली असती, तर निभावले असते. शनिवारी दुपारी दाल तयार झाली आणि अफरीनचा फोन आला. मोशीजवळ कंटेनर आडवा झाला होता, बस जागची हलत नव्हती. अन्वरला गॅरेजवर परतायचे होते, म्हणून बाकीचे जेवून मोकळे झाले. ताजुन्निसाही औषधाच्या गोळीपुरते दोन घास जेवली. जास्मिन स्टीलचा डबा घेऊन माझ्याजवळ आली.

"राहू दे," ताजुन्निसा म्हणाली. "माझ्या पोरीचा वाटा माझ्या देगचीतच राहील."

मित्रांनो, ती दुपार मी विसरणार नाही. आच बंद झाली. झाकण थडथडायचे थांबले. चिंचेचे आंबट माझ्या उघड्या तांब्यात हळूहळू उतरू लागले. प्रथम कडेला, मग तळाशी. मला ते कळत होते. माझ्यात काय चालले आहे, ते माझ्याइतके कोणालाच कळत नव्हते. पण भांड्याला ओरडता येत नाही. आदळता तरी यावे! तेही येत नाही.

ऊन कलले. अफरीन आली, घामाघूम, चेहरा उतरलेला. अन्वरही गॅरेज मिटवून फोन हातात धरून आला. "आधी खा," ताजुन्निसाने फर्मावले आणि स्वतःच्या हाताने माझ्या तळापर्यंत डाव घालून तिला वाढले. ताजुन्निसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला. ताटातला रंग तिला दिसला नाही. अफरीनला दिसला. तिचा हात घासावर क्षणभर थांबला.

"काय झालं? नको झालं का दादीच्या हातचं?"

"तसं नाही," ती म्हणाली आणि तिने घास तोंडात घातला.

मी पाहत होते. तिने डोळे मिटून घास गिळला. दुसरा घेतला, पाण्याबरोबर उतरवला. तिसरा घेतला. ताजुन्निसा समोर बसून प्रेमाने विचारीत होती, "छान झाली आहे ना?" आणि पोर मान डोलावीत होती. अन्वरने फोनवर नंबर काढला होता. चौथा घास तिने उचलला, तेवढ्यात वाटी परत करायला सुमनताई आत आल्या. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिले आणि हातातली वाटी खाली टाकली.

"आवं अम्मी! ह्ये तर कळकलंय की! हिरवंगार झालंय! पोरी, थुक! थुक आदी!"

अफरीन उठली, पण मोरीपर्यंत पोचली नाही. अन्वरने तिला उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेले. जास्मिन अनवाणी मागे धावली. घरात ताजुन्निसा आणि मी दोघीच उरलो. तिने माझ्यात हात घातला, बोट जिभेला लावले आणि थुंकून टाकले. मग ती माझ्यासमोर बसून राहिली. माझ्या काठावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवीत राहिली. ती रडली नाही. त्या बाईला मी रडताना पाहिलेले नाही.

दिवे लागायच्या सुमारास अफरीनला परत आणले. उलटीने बरेचसे बाहेर पडले होते. डॉक्टरांनी औषध देऊन धोका टळल्याचे सांगितले होते. तिला खाटेवर निजवले. सुमनताई डोक्याशी बसून पुटपुटत होत्या, "आन् रसायनं शिकती म्हनं ही!"

ताजुन्निसा जवळ गेली. "तुला चव कळली नाही?"

"कळली होती."

"रंग दिसला नाही?"

"दिसला होता, दादी. तांबं उतरलंय, हेही कळलं होतं."

"मग का खाल्लंस?"

"तुम्ही माझ्यासाठी ठेवलं होतं."

ताजुन्निसा खाटेच्या कडेवर बसली. तिने विचारले, आणि तिचा आवाज मी प्रथमच इतका खाली आलेला ऐकला, "असं आणखी काय काय गिळलं आहेस, बेटा?"

अफरीनचे डोळे भरून आले. "काल विचारलंत ना, जायचं आहे का म्हणून. जायचं आहे, दादी. खूप जायचं आहे. पण तुमचं मन..."

"माझं मन राहू दे." ताजुन्निसा उठली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "अन्वर! फोन लाव त्या मॅडमना. उभा काय राहिलास? संध्याकाळ झाली!"

फोन वाजत राहिला. कोणी उचलेना. अन्वरने पुन्हा लावला. जास्मिनने दुपट्ट्याचे टोक मुठीत धरले होते. दुसऱ्यांदाही तो वाजून वाजून बंद पडण्याच्या बेताला आला, तेव्हा पलीकडून आवाज आला. मॅडम कार्यालयाला कुलूप लावून निघाल्या होत्या आणि पुढच्या मुलीला सकाळी कळवणार होत्या.

"माझी मुलगी येणार आहे, मॅडम," अन्वर म्हणाला. "हो. नक्की. तिच्या दादीचा हुकूम आहे."

चार दिवसांनी अन्वरचा टेम्पो दारात उभा राहिला. त्यात अफरीनची वळकटी चढली, पुस्तके चढली आणि सर्वांच्या देखत मलाही चढवण्यात आले. मोशीचा रस्ता टाळून आळंदीमार्गे जायचे होते, आणि वाटेत चऱ्होलीला एक कल्हईवाला दुकान मांडून बसतो. ताजुन्निसाने नातीच्या दंडावर हिरव्या कापडात नाणे बांधून इमाम जामिन बांधला. प्रवासाला निघालेले माणूस सुखरूप पोचावे, म्हणून घरचे वडीलधारे तो बांधतात. पोचल्यावर ते नाणे गरिबाला द्यायचे असते. सुमनताई म्हणाल्या, "देगचीला बी बांदा की! ती बी लई वर्सांनी निगालीया!" सगळे हसले. ताजुन्निसाने मात्र खरोखरच उरलेली हिरवी चिंधी घेतली आणि माझ्या कडीला गाठ मारली. आत्मप्रौढी नको, पण हा मान आजवर कुठल्या भांड्याला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

भट्टीत मला भाजले, नवसागराची पूड फिरवली, कथील फिरवले, थंड पाण्यात चर्रकन बुडवले. मी परत आले, तेव्हा आतून चंद्रासारखी झाले होते. सुरुवातीला संध्याकाळी स्वयंपाक उरू लागला. एका माणसाचे माप विसरायला जास्मिनच्या हाताला वेळ लागला. ताजुन्निसा रोज रात्री फोन करून विचारी, "जेवलीस?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय आडवी होत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत अफरीन घरी आली. खट्टी दाल माझ्यातच झाली आणि लगेच वाढली गेली. तिने पहिला घास घेतला. ताजुन्निसा नेहमीप्रमाणे समोर बसली होती. "छान झाली आहे ना?"

अफरीन थांबली. अन्वरचा हातही ताटात थांबला.

"मीठ कमी आहे, दादी."

क्षणभर माझे ते निनावी झाकण तेवढे थडथडत होते.

"मग वरून घे की! हात मोडले आहेत का?" ताजुन्निसा कडाडली. आणि तोंड फिरवून, पदराआड, ती इतकी हसली की तिचे खांदे हलत होते. अफरीनला ते दिसले नाही. मला दिसले.

मित्रांनो, माझी कहाणी संपली. आता मी सांगते ते ऐका आणि तसे वागा. घरात तांब्यापितळेचे भांडे असेल, तर त्याला वेळच्या वेळी कल्हईला धाडा. हरवेल या भीतीने दाराआड कोंडू नका. आणि ताटात कळकलेला घास आला, तर तो कोणी वाढला आहे हे पाहून गिळू नका. वाढणाऱ्याचा मान राखा, पण घास बाजूला सारा आणि स्पष्ट सांगा. वाढणाऱ्या हातांनाही माझे तेच सांगणे आहे. समोरच्याने मान डोलावली, म्हणून समाधान मानू नका. एकदा तळ पाहा.