मागच्या रांगेत हसलेली बाई

हेडसरांची ताई सिनेमात मोठ्यानं हसली, तेव्हा पडद्यावर एक नन लकवा झालेल्या म्हाताऱ्याची चादर बदलत होती.

शनिवारचा दुपारचा खेळ चर्चनं पूर्ण राखून ठेवला होता. साथीच्या रोगात आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः गेलेल्या आणि पुढे संत म्हणून गौरवलेल्या एका ननच्या आयुष्यावरचा सिनेमा. हेडसर चर्चच्या समितीचे चिटणीस. हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून सगळे त्यांना हेडसरच म्हणत. तिकिटं त्यांनीच वाटली होती. समितीच्या जागा मधोमध, छान दिसेल अशा. ताई दोन दिवस आधी न कळवता राहायला आली, तोवर अगदी शेवटची रांग उरली होती.

"मागचंच बरं," ताई म्हणाली. "कंबरेमुळे मला सारखं उठावं लागतं. कुणाच्या पायात नको."

हेडसरांनी तेवढ्यावर विषय सोडला. आपली जागा तिला देता आली असती, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नव्हतं. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा शिवणकामाचं दुकान बंद करून ती त्यांच्यापाशी राहिली, आणि ते 'काही महिने' साडेसात वर्षं चालले. बाबांना जाऊन आता चार महिने झाले होते. हेडसर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जात. अर्ध्या दिवसाचा प्रवास. ते पोचत तेव्हा बाबांची दाढी झालेली असे, अंगात इस्त्रीचा सदरा असे, खोलीत साबणाचा वास असे. ते खुर्ची ओढून बसत, स्तोत्र वाचून दाखवत, बाबा त्यांचा हात धरून रडत. "माझा लेक आला," म्हणत. संध्याकाळच्या गाडीनं हेडसर परत.

तर ती चादर. व्हायोलिन वाजत होतं, खिडकीतून ऊन येत होतं. ननच्या पांढऱ्या झग्यावर एक डाग नव्हता. तिनं चादरीचं टोक धरलं, ती अलगद ओढून घेतली, आणि म्हातारा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझ्या लेकी, देव तुझं भलं करो." सगळं थिएटर हुंदके देत होतं. आणि मागून हसू आलं. एकदा, मोकळं, मग दाबायचा प्रयत्न करताना पुन्हा.

माना वळल्या. कुणीतरी "शूऽऽ" केलं. हेडसरांनी ते हसू लगेच ओळखलं. ते पडद्याकडे बघत बसले, मान ताठ.

मध्यंतरात बाहेर चहाच्या टेबलाशी गर्दी झाली. शेजारच्या खुर्चीवरच्या डॉक्टरीणबाई त्यांच्यापाशी आल्या. चर्चमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"कोण हो ती बाई? इतक्या पवित्र प्रसंगाला कुणी हसतं? मघाशी दारात तुमच्याशी बोलत होती ना? तुमच्या ओळखीतली का?"

"छे," हेडसर म्हणाले. "मी नाही ओळखत. जागा विचारत होती."

शब्द तोंडातून निघून गेले. बायको बाजूलाच उभी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे. हेडसरांनी स्वतःची समजूत घातली की आता चारचौघांत कशाला. घरी गेल्यावर बघू. घंटा झाली आणि सगळे आत गेले.

दुसऱ्या भागात नन स्वतः आजारी पडली. शेवटी ती गेली तेव्हा हेडसर खरंच रडले, चष्मा काढून, रुमाल तोंडाला लावून. दिवे लागले तरी कुणी उठेना. फादर पुढे आले. ज्यांना दोन शब्द बोलावेसे वाटतील त्यांनी बोलावं, म्हणाले, आणि माइक सवयीनं हेडसरांच्या हातात दिला.

हेडसर बोलायला लागले की लोक ऐकत. त्या दिवशी तर आवाज भरून आलेला. "अशी माणसं आता जन्माला येत नाहीत," ते म्हणाले. "आजाऱ्याचं गू-मूत हसत काढायचं, वर्षानुवर्षं, कसलीही अपेक्षा न ठेवता. आपल्यापैकी कुणी एक दिवस तरी असं केलंय का? आपण फक्त रडतो आणि घरी जातो."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच मागच्या रांगेतली एक म्हातारी ताईकडे वळून म्हणाली, "तुम्ही मात्र हसत होतात, बाई. का ते तरी सांगा." तिला कमी ऐकू येत असावं, आवाज सगळ्यांना गेला.

ताई उठून उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण अंगाखालची चादर अशी ओढून निघत नाही हो. माणसाला आधी कुशीवर घ्यावं लागतं. जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी तिला लागून अर्धी अंथरायची, मग त्याला गुंडाळीवरून पलीकडे वळवायचं. तोवर तो शिव्या घालतो. दुखतं ना त्याला. आणि तो म्हातारा लगेच आशीर्वाद द्यायला लागला, त्याचं हसू आलं. मी साडेसात वर्षं केलं. एकदाच ऐकलं, 'आज हात गार नाहीत तुझे.' तेवढंच."

फादर हळूच म्हणाले, "कुणाची सेवा केलीत?"

"वडिलांची."

"आज कुणाबरोबर आलात? इथं पाहिलं नाही तुम्हाला कधी."

हेडसरांच्या हातात माइक होता. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर नजर ठेवून ती म्हणाली, "एकटीच आले."

मग हेडसरांच्या लक्षात आलं. मध्यंतरात तिनं ऐकलं होतं. ती त्यांच्या मागेच असणार. आता त्यांचं खोटं ती सांभाळून घेत होती, जसं घरात सगळं सांभाळत आली होती. एक वाक्य पुरलं असतं. माइकसुद्धा चालू होता. त्यांनी तो खाली केला. फादरांनी क्षणभर वाट पाहिली आणि माइक काढून घेतला.

घरी पोचले तर ताई दारासमोरच्या पायरीवर बसली होती, चपला काढून. किल्ली हेडसरांकडेच होती. बायकोनं दार उघडलं, ताईचा हात धरून तिला उठवलं आणि नवऱ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.

हेडसर बराच वेळ बैठकीत बसून राहिले. मग उठून ताईच्या खोलीत गेले. सकाळी निघायचं म्हणून ती पलंगावरची चादर काढत होती.

"ताई, मी म्हणालो की मी तुला ओळखत नाही."

"ऐकलं मी. तुम्हा दोघांना चहा घेऊन येत होते." तिनं उशीचा अभ्रा ओढला. "हातावर सांडला थोडा."

"आणि तरी तू..."

"मग काय करायचं होतं? तू माइक धरून उभा. चारचौघांत तुझं नाक कापू?"

हेडसरांना आपला आवाज ऐकवेना. "मला तुझी लाज वाटली. तू हसलीस म्हणून. आणि मग तिथं उभं राहून मी ते सगळं बोललो. कुणी एक दिवस तरी केलंय का, म्हणालो."

"छान बोललास पण," ताई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच त्यांना जास्त लागलं.

ते पलंगाच्या काठावर बसले. "मी एकदाही ती चादर बघितली नाही. मी यायच्या आधी तू किती वाजता उठायचीस?"

"चारला. बाबांना तुझ्यासमोर स्वच्छ दिसायचं असायचं. तू आलास की ते वेगळेच व्हायचे. गेलास की दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत."

"मला दाखव."

"काय?"

"कसं करायचीस ते."

ताईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग नवी चादर हातात घेतली. "आडवा हो. आणि अंग सैल सोड. बाबाही असेच लाकडासारखे ताठ धरायचे."

ते आडवे झाले. तिनं एक हात त्यांच्या खांद्यामागे, एक कमरेखाली घातला, गुडघा पलंगाला टेकवला आणि त्यांचं जडशीळ अंग एका दमात कुशीवर वळवलं. तोंडातून एक बारीक कण्हणं निघालं तिच्या. त्यांचं तोंड भिंतीकडे झालं होतं. पाठीशी चादर सरकत असलेली कळत होती. त्यांनी भिंतीकडेच तोंड ठेवलं, कारण आता चेहरा दाखवायची ताकद नव्हती.

"आता इकडे वळ," ताई म्हणाली. ते वळले नाहीत. ती थांबली. घाई केली नाही.

सकाळी ती गेली. गाडीवर दोघं सोडायला गेले. हेडसरांनी तिची पिशवी उचलली, खिडकीपाशी उभे राहिले. पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. "बाबा नाहीत आता," ताई म्हणाली. "तुझ्याकडे येतो," ते म्हणाले. तिनं मान हलवली, ती होकाराची की नुसती ऐकल्याची, ते त्यांना कळलं नाही.

तिथूनच ते चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, प्रार्थनेला गेले. संपल्यावर अंगणात डॉक्टरीणबाईंना गाठलं. आजूबाजूला समितीचे चारपाच जण होते. त्यांना बाजूला घ्यावं असं हेडसरांच्या मनात आलं, पण घेतलं नाही.

"शनिवारी हसलेली ती बाई," ते म्हणाले, "माझी सख्खी मोठी बहीण आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती सांगत होती ते वडील माझेही."

डॉक्टरीणबाई जराशा गोंधळल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, ती उठून बोलायला लागली तेव्हाच कळलं आम्हाला. तोच चेहरा, तीच बोलायची ढब. म्हटलं, घरातलं काही असेल, कशाला विचारा."

बाकीच्यांनी पायांकडे पाहिलं. म्हणजे ते माइक हातात घेऊन गप्प उभे होते, तेव्हा या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे त्यांच्या बोलण्याची वाट बघत होते.

"फार मोठी बाई आहे हो ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो," हेडसर म्हणाले. बायको फाटकाशी थांबली होती. ते तिच्याकडे चालत गेले, आणि दोघं घराकडे निघाले.