भिंतीपलीकडची ऊब

पहिल्यांदा काय बिनसलं असं विचाराल, तर पाणी कोमट लागलं. एवढंच. माझी मुळं सदानकदा पाण्यात लोंबकळत असतात, त्यामुळे पाण्याचा स्वभाव मला पानांच्याही आधी कळतो. त्या संध्याकाळी ते रोजच्यासारखं गार नव्हतं. कुणीतरी पेला बराच वेळ हातात धरून बसावं आणि मग त्यातलं पाणी प्यावं, तसं काहीसं. मी दचकले. मग स्वतःलाच समजावलं, की तू काय, पंखा बंद झाला तरी दचकतेस.

मी गांजाचं झाड बोलतेय. नाव ऐकून नाक मुरडू नका. कूटनी नदीकाठच्या आमच्या खोऱ्यात माझी जात भोपळ्याइतकीच घरची आहे, आणि मला वाढवायचा परवाना दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने ठोकलेला आहे. मी औषधासाठी वाढतेय. आमच्यात नर झाडं वेगळी, मादी वेगळी. मी मादी. औषध माझ्या फुलांत असतं.

खरं सांगायचं तर माझा जन्म असा झालाच नाही. मी कलम आहे. डोंगराच्या वरच्या अंगाला वेर्ना राहते. तिच्या दारच्या झाडाची एक फांदी तिरकी कापली, ती मी. म्हणजे मी माझ्या आईची मुलगी, आणि आई म्हणजेही मीच. हा गुंता मला अजून सुटलेला नाही. लारिसाने मला ओल्या फडक्यात गुंडाळून कोटाच्या आत ठेवलं आणि खाली आणलं. वाटभर तिचं काळीज माझ्या अगदी जवळ धडधडत होतं. घाबरट मुलीच्या हाती पडलो आपण, हे मला तेव्हाच कळलं. बरं वाटलं. घाबरट माणसं जपतात.

लारिसा तेवीस-चोवीसची असेल. कॉलेज करून शहरातून परत आली ती देदांसाठी. देदा म्हणजे तिचे आजोबा. त्यांच्या हाडांत दुखणं शिरलं आहे आणि उपचारांनी रक्तातली रोगाशी लढायची ताकद गेली आहे. जन्मात कधी विडी ओढली नाही, दारूला शिवले नाहीत, मांस खाल्लं नाही. आता माझ्यासारख्यांच्या फुलांचं तेल मधात कालवून चमचाभर घेतात आणि तेवढ्यावर रात्र काढतात. तेलाची बरणी आमच्या आधीच्या पिकाची. ती आता तळाला गेली होती. हिवाळा तोंडावर होता. पुढची बरणी आम्ही चौघी बहिणींनी भरायची होती.

आम्हाला मातीत का नाही लावलं, हे देदांचे बालमित्र एलीकाका रोज विचारायचे. नर्सने बजावलं होतं, देदांच्या जवळपास माती नको, कुंडी नको, फुलदाणीसुद्धा नको. बुरशीचा एक कण त्यांना पुरेसा आहे. म्हणून लारिसाने आम्हाला पाण्यात वाढवलं. चार टब, त्यात खत विरघळवलेलं पाणी, खालून पंपाचे बुडबुडे, वरून दिवे. सगळं धुतलेलं, पुसलेलं. पण एवढ्याला पाणी, मोरी आणि वीज एकत्र लागते, आणि त्या घरात तशी जागा एकच होती: बान्याला लागून असलेली कपडे बदलायची खोली.

बान्या म्हणजे मागच्या अंगणातलं ओंडक्यांचं न्हाणीघर. भट्टीवर दगड तापवायचे, त्यांवर पाणी मारायचं, वाफेत बसायचं. पिढ्यांपूर्वी समुद्रापलीकडून येऊन इथे वसलेल्या या लोकांचा शनिवार बान्याशिवाय होत नाही. शनिवारच्या शनिवारी भिंत गरम व्हायची आणि रविवारी निवायची. त्याने आमचं काही बिघडत नव्हतं.

पण देदांचं दुखणं वाढलं, आणि वाफेत ते थोडं सैल होतं असं लक्षात आलं. मग बान्या रोज पेटायला लागला.

मला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. आधी देदांचं कण्हणं. मग दगडांवर पाणी पडल्याचा फुत्कार. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, हळूहळू, त्यांच्या लोकांचं जुनं भजन. वाद्य नाही, काही नाही, नुसता गळा. म्हातारा आवाज मध्येच तुटायचा आणि पुन्हा धरायचा. तो सूर लागला की लारिसा आमच्याकडे, टबाच्या कडेला, भिंतीला डोकं टेकून बसायची. तेवढाच वेळ तिचे खांदे खाली यायचे.

आणि नेमका तेवढाच वेळ माझ्या टबातलं पाणी तापत असायचं.

कोमट पाण्यात हवा टिकत नाही. बुडबुडे येतात, पण पोट भरत नाही. माझी पानं लोंबली. लारिसाला वाटलं भूक लागलीय. तिने खत वाढवलं. पानांची टोकं करपली. तिने खत कमी केलं. माझी धाकटी बहीण पिवळी पडली. लारिसा एकेक पान उलटसुलट करून बघत होती आणि मला सांगता येत नव्हतं, की बाई, वर काय बघतेस, खाली बघ.

"काय गं कॉलेजवाली, मासळी पोहतेय का तुझी?" एलीकाका दारात येऊन म्हणाले. बान्याची भट्टी तेच पेटवतात.

"मान टाकलीय त्यांनी, काका."

"टाकणारच. माती नाही, ऊन नाही, वारा नाही. मला टबात बसवून डोक्यावर दिवा टांगलास तर मीही मान टाकीन."

"शनिवारी बसता की वाफेत कोंडून."

"तासभर बसतो. जन्म नाही काढत."

ती हसली, आणि हसता हसता तिने माझं झाकण उचललं. मग हसू गेलं. माझी मुळं पांढरी असायची, शेवयांसारखी. आता ती चहात बुडवल्यासारखी तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती. डबक्याचा वास आला. तिने टबाला हात लावला. मग भिंतीला लावला, आणि तिथेच ठेवला. पलीकडे देदांनी भजन धरलं होतं.

"इथून ऊब येतेय," ती म्हणाली. "रोज येतेय."

एलीकाकांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी टोपी काढली. "मग मी सांगतो तुझ्या देदाला, पीटला. उद्यापासून फक्त शनिवारी."

"नका सांगू."

"अगं, ऐकेल तो."

"ऐकतील म्हणूनच सांगू नका."

त्यानंतर तिने आमच्यासाठी काय नाही केलं! पाणी बदललं, मुळं धुतली, पाण्याच्या बाटल्या गोठवून टबांत सोडल्या, भिंतीला गाद्या लावल्या. थंडीत हात लाल व्हायचे तिचे. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायला लागलं. कुजलेल्या मुळांतून एक पांढरं मूळ फुटलं. पानं थोडी उचलली. ती रोज भिंग घेऊन माझ्या फुलांवरचे दाणे बघायची. हे दाणे दवासारखे असतात. काचेसारखे स्वच्छ असले तर औषध कच्चं, दुधी झाले की कापणी. माझे अजून काचेसारखे होते. आता कापलं तर तेलात जोर नाही. थांबलं तर मुळं दगा देतील. ती भिंग खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. "थोडेच दिवस," म्हणायची. मला म्हणायची की स्वतःला, कुणास ठाऊक.

पण ऊब एकटी येत नाही. तिच्याबरोबर वाफ येते, आणि लाकडाच्या भिंतीला फटी असतात.

माझ्या शेंड्याचं फूल सगळ्यांत मोठं होतं. कुणीही आलं की आधी तेच बघायचं. त्याच्या गाभ्यात काहीतरी मऊ झालेलं मला जाणवलं. बाहेरून काही नाही. आत कुणीतरी राहायला आल्यासारखं. मी आतल्या आत आक्रसले. मला ओरडायचं होतं. झाडाला ओरडायचं असलं तर एकच मार्ग: मी त्या फुलातलं एक छोटं पान सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी लारिसाला ते पिवळं पान दिसलं. तिने नुसतं बोट लावलं, तर ते हातात आलं. ती दचकून मागे झाली. मग तोंडावर रुमाल बांधून आली आणि अंगठ्याने तिने माझं फूल उकललं. आत राखाडी लव होती. तिच्या श्वासानेही राखेसारखी धूळ उडाली असती, म्हणून तिने श्वास धरला. मग बहिणींची फुलं उकलली. दोघींच्यात तेच. चौथीच्यात दिसलं नाही. दिसलं नाही, एवढंच.

"वरचं काप आणि टाकून दे," एलीकाका म्हणाले. "खालचं धू, वाळव, तेलात उकळ. या खोऱ्यात लोकांनी याहून वाईट खाल्लंय आणि नव्वदी गाठलीय."

"त्यांच्या रक्तात दम होता, काका. देदांच्या नाही."

"उकळल्यावर बुरशी मरते."

"बुरशी मरते. तिने आत सोडलेलं विष?"

"तेही मरत असेल."

"नक्की?"

एलीकाकांनी टोपी हातात फिरवली. ते खोटं बोलणारे नव्हते. "कदाचित," म्हणाले.

"हे कदाचित चमच्यात घेऊन देदांसमोर जाऊ? आ करा म्हणू?"



मला काय वाटत होतं ते सांगते. माझ्या खालच्या फांद्या दिसायला निर्मळ होत्या. त्या तरी घे, असं मला वाटत होतं. ज्या कामासाठी आईपासून तोडलं, कोटाच्या आत उबेत आणलं, ते थोडं तरी हातून व्हावं. पण ती लव कुठवर पोचली होती हे मला आतून ठाऊक होतं. जिथे डोळ्यांना दिसत नव्हती, तिथेही होती.

लारिसाने फोन काढला. वाजत राहिला, कुणी घेतला नाही. पुन्हा लावला.

"कुणाला?"

"वेर्नाला."

"ती शेतात असेल. कापणी चालू आहे सगळ्यांची. आणि कलम घेऊन आता काय करणार? हिवाळा संपेस्तोवर फुलायचं नाही."

"कलम नकोय. फुलं हवीत. सुकवलेली."

एलीकाका ओंडक्यावर बसलेच. "वेडी आहेस का? आपल्याकडे कलम वैऱ्यालासुद्धा देतात. फुलं सख्ख्या भावाकडेही कुणी मागत नाही. ज्याची त्याची वर्षाची बेगमी असते ती."

"माहितीय."

"मी कधी मागितली नाहीत. तुझ्या देदाने नाही मागितली, बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हासुद्धा."

"तेही माहितीय, काका. मी बघितलंय आजीला."

फोन पुन्हा वाजून थांबला. लारिसाने कात्री उचलली, ठेवली. माझ्या खालच्या फांदीवरून बोट फिरवलं. ते निर्मळ फूल तिने नाकाशी नेलं, आणि मला वाटलं, घेते आता. कुणालाही काही मागावं लागणार नाही, कुणासमोर मान खाली जाणार नाही. धुवायचं, उकळायचं, मधात कालवायचं.

इतक्यात भिंतीपलीकडून हाक आली. "लारिसा, एक लाकूड घाल गं. गार पडायला लागलं."

एलीकाका उठायला लागले, पण तिने त्यांना खुणेने बसवलं. ती स्वतः गेली. भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला, लाकूड आत पडल्याचा आला. थोड्या वेळाने माझ्या बाजूची भिंत तापली, आणि देदांचा लांब निःश्वास ऐकू आला.

ती परत आली ती सरळ माझ्यापाशी. बुंध्याशी कात्री लावली. मग त्या दोघी बहिणींना. चौथीपाशी थोडी थांबली, पण तिलाही सोडलं नाही. सगळ्यांना एका काळ्या पिशवीत घातलं, धूळ उडू नये म्हणून तोंड आवळून बांधलं, आणि लाकडांच्या ढिगाशेजारी पायरीवर ठेवलं. पंप बंद केला. बुडबुडे थांबल्यावर ती खोली किती शांत असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

कापल्यावर आम्ही लगेच मरत नाही. अजून थोडी मी आहे, म्हणून बोलतेय. मला कुणाबद्दल तक्रार नाही. त्या उबेबद्दल तर नाहीच. एका म्हाताऱ्या माणसाला गाता यावं म्हणून मी शिजले, याहून वाईट मरणं असतात. फक्त एक विनंती आहे. ज्याच्यावर तुम्ही हात लाल होईस्तोवर कष्ट केलेत, ते नासलं तर त्याच्यासाठी रडा जरूर. पण केवळ कष्ट केले म्हणून ते आपल्या माणसाच्या तोंडी देऊ नका. आणि मागायची लाज वाटली तर वाटू द्या. लाजेने कुणाचा ताप वाढत नाही.

लारिसा पायरीवर, माझ्या शेजारीच बसली आहे. एलीकाका उभे आहेत. जायचं म्हणतात आणि जात नाहीत. तिने फोन पुन्हा लावलाय. पिशवीच्या आतूनही मला ऐकू येतंय, तो वाजतोय. वाजतोय. ती ओठांतल्या ओठांत काय बोलायचं त्याची तालीम करतेय, आणि पहिल्याच शब्दाला अडखळतेय.

वाजणं थांबलं. कुत्र्यांचं भुंकणं, कुणाचं तरी हसणं, आणि मग वेर्नाचा दमलेला आवाज:

"हात चिकाने माखलेत माझे, कोपराने उचललाय फोन. लारिसा ना? बोल बाळ, बोल, मी ऐकतेय."