टेकायची सवय

मी एक पोतं बोलतोय. धान्याचं नव्हे, ठोसे खाणारं. मुष्टियुद्ध शिकवतात त्या खोलीत, छताच्या हुकाला साखळीनं लटकून माझा जन्म गेला. जाणती माणसं मला बॅग म्हणतात. मी काही शाळा शिकलेलो नाही, मला पोतंच बरं वाटतं. इथली पोरं मला आजोबा म्हणतात, आणि आजोबा म्हणत म्हणत गुद्दे घालतात. चालायचंच.

माझं अंग एका ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचं. चामड्याच्या पिशव्या शिवणारा एक कारागीर होता, त्यानं मला दाभणानं शिवलं. शिवताना गुणगुणायचा आणि दोरा दातानं तोडायचा. पोट भरायला शिंप्याकडच्या चिंध्या आणल्या. विटलेले सदरे, फाटक्या चादरी, कुण्या लहान पोराचा उसवलेला स्वेटर. सगळं काठीनं ठासून भरलं, तोंड शिवलं. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाबा. मार खा आणि सुखी राहा."

असा आशीर्वाद आणखी कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही. पण तो फळला.

खोली लांबट आहे, पूर्वी गोदाम होतं. खिडक्या उंचावर. दुपारी कुणी नसतं तेव्हा त्यांतून ऊन तिरपं येतं आणि धूळ त्यात सावकाश तरंगत राहते, तिला कुठं जायचंच नसल्यासारखी. मग माझा डोळा लागतो. पोटातल्या चिंध्यांना स्वप्नं पडतात. सदऱ्याच्या बाहीला वाटतं, आपल्यात कुणाचा तरी हात आहे. चादरीला वाटतं, आपण दोरीवर वाळतोय आणि वारा सुटलाय. स्वेटर तर झोपेत नुसता हसतो. मी कुणाला उठवत नाही. संध्याकाळी पोरं येतात, ती उठवतातच.

शिकवणारे आमचे वस्ताद. त्यांचं नाक एका बाजूला कललंय, कुणीतरी हाक मारली म्हणून तिकडं बघत राहिल्यासारखं. तरुणपणी तेही खेळले. आता कमी बोलतात, आणि चष्मा डोक्यावर असताना खोलीभर शोधतात.

एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या बाई एका पोरीला दंडाला धरून घेऊन आल्या. पोरगी त्यांची भाची. आईबाप नव्हते, आत्यानंच वाढवलेली.

"गिऱ्हाइकांशी भांडते हो ही," आत्या म्हणाल्या. "माझं दुकान बसायची वेळ आलीय. हिला जरा दमवा."

वस्तादांनी तिला माझ्यासमोर उभं केलं. तिनं डोळे मिटून हात चालवला. मला वाटलं माशी बसली.

"ही काय टिचकी मारलीस?" वस्ताद म्हणाले.

झालं. तेव्हापासून ती टिचकी. पुढं तिच्या डाव्या हातानं माझी साखळी वाजायला लागली, माझ्या शिवणी कुरकुरायला लागल्या, तरी नाव टिचकीच राहिलं. शेजारी दोन नवी पोती आली, कातडी, तुकतुकीत, नव्या जावयासारखी ताठ. टिचकी त्यांच्याकडं गेली नाही. ती माझ्याकडंच यायची.

आणि तिची एक सवय होती. सपासप हात चालवून दम लागला, की ती एक पाऊल पुढं यायची आणि माझ्यावर कपाळ टेकायची. मी जड, मी हलायचो नाही. तिचा ऊन ऊन श्वास ताडपत्रीतून आत यायचा. तेवढ्यात काहीबाही पुटपुटायची. "आज त्या डॉक्टरीणबाईंच्या साडीला इस्त्रीचा डाग पडला, आत्याला अजून सांगितलं नाही," असलं काहीतरी. मग पुन्हा मागं सरून हात चालू.

मला सगळ्यांनी मारलं. टेकलं कुणी नव्हतं. मला ते फार आवडायचं, लपवून काय करू?

मग ती मोठी लढत आली. जिंकेल तिला संघात घेणार होते. राहायची सोय, खायची सोय, रोजचा सराव, सगळं. टिचकी जिंकणार असं इथं सगळे धरून चालले होते. कुणी तसं बोलत नव्हतं, पण तिची बूट ठेवायची जागा दुसऱ्या एकीनं आधीच हेरून ठेवली होती.

पोत्याला कोण लढत बघायला नेणार? काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तिघं आली. वस्ताद, आत्या आणि टिचकी. एक डोळा सुजून बंद. खोलीत ऊन होतं, धूळ होती, आणि ती भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"मी उभी होते," ती म्हणाली.

वस्ताद तिच्यासमोर उकिडवे बसले.

"पडले नव्हते मी. पंचांनी आकडे मोजले, मी हात वर केले. तरी लढत थांबवली. उभ्या माणसाला हरवतात का कुठं?"

"उभी होतीस," वस्ताद म्हणाले. "पण डोळे घरी गेले होते. मीही थांबवली असती."

"बरं झालं थांबवली," आत्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालेत, डोक्याला आणखी धक्का नको. आता निजायचं, आणि पुन्हा दाखवायला जायचं. मग हो म्हणतील तर हो, नाही तर दुकान आहे आपलं."

"तुला तेच पाहिजे होतं."

"मला काय पाहिजे ते सांगू? मला तू ठोसे खाऊन खाऊन चष्मा डोक्यावर असताना शोधत बसलेली नको आहेस."

बोलून गेल्या आणि जीभ चावली. वस्तादांनी हळूच डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला.

"खरं आहे त्यांचं," ते म्हणाले. रागावले नाहीत.

आत्यांच्या फोनमध्ये लढत होती. त्यांनीच घेतली होती, पण निम्मा वेळ डोळे मिटून घेतलेली, त्यामुळे छतच जास्त दिसत होतं. वस्ताद म्हणाले, तरी दाखवा. तिघांची डोकी त्या एवढ्याशा चौकटीवर वाकली. नेमकं माझ्याच खाली, त्यामुळे मलाही दिसलं.

टिचकीनं हात चालवले. चांगले चालवले. समोरची मागं रेटली गेली. मग टिचकी एक पाऊल पुढं आली, मान खाली झाली, आणि समोरचीचा हात खालून वर आला.

"मागं घ्या," वस्ताद म्हणाले. पुन्हा बघितलं. "इथं तू शिरलीस कशाला? मागं सरायचं होतं. काय डाव होता तुझा?"

"माहीत नाही."

आत्यांनी डोळे बारीक केले. "डाव कसला? टेकायला चाललीय ती," त्या म्हणाल्या. "दमली की अशीच येते. मी इस्त्री करत असते आणि ही येऊन खांद्यावर डोकं टाकते. तस्संच आहे हे."

वस्तादांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. आत्यांनी बघितलं. शेवटी टिचकीनं एका डोळ्यानं बघितलं. माझ्याकडं इतकी माणसं मारायचं सोडून नुसती बघतायत, असं कधी झालं नव्हतं. मी हलत होतो का स्थिर होतो, मला आठवत नाही.

"आजोबा, तुम्ही तरी सांगायचं, ही टेकते म्हणून," वस्ताद एवढंच म्हणाले. मग शिडी आणायला गेले.

हुकावरून मला काढलं. उतरताना जमीन वर येतेय असंच वाटलं. भिंतीकडेला आडवा ठेवला मला. इथून खोली वेगळीच दिसते बघा. छत म्हणजे मोठं शांत पाणी आणि हुक त्यात सोडलेला गळ. आणि दारातून नुसते पाय दिसतात, माणसं नाहीत. पायांवरून माणूस ओळखायला मी हल्लीच शिकलो. म्हातारपणी का होईना.

टिचकी बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा डोळा उघडला होता. डॉक्टरांनी हवेत हात चालवायला परवानगी दिली होती, कुणाला मारायचं नाही, कुणाचा मार खायचा नाही. वस्तादांनी तिला माझ्या रिकाम्या जागेसमोर उभं केलं.

"इथं मार."

"इथं कुणी नाही."

"म्हणूनच."

तिनं हात चालवले. दम लागला. सवयीनं एक पाऊल पुढं आली, कपाळ पुढं केलं, आणि जिथं मी असायचो तिथं नुसती हवा. तोल जाऊन पार भिंतीपर्यंत गेली. बाकीची पोरं हसली. "टिचकी, आजोबा निवृत्त झाले," एक म्हणाला. तीही हसली, पण थोडंसंच.

रोज दुपारी यायची. रोज त्या हवेत शिरायची, रोज सावरायची. मी बघत पडलेलो. हाक मारावी असं वाटायचं. ये, इकडं टेक, मी आहे की. पण पोत्याला तोंड कुठं असतं? असतं, ते शिवलेलं असतं.

एकदा तिनं वस्तादांना विचारलं, "डॉक्टर हो म्हणाले, तर मी खेळू का?"

वस्ताद पुष्कळ वेळ हाताची पट्टी गुंडाळत राहिले. "मला कुणी असं विचारू दिलं नव्हतं," ते म्हणाले. "त्यामुळे उत्तर मला येत नाही. तू विचारत राहा. घाई करू नकोस."

आज दुपारी ती पुन्हा आली. ऊन तसंच तिरपं होतं. हात चालले, श्वास वाजायला लागला, मी मनातल्या मनात अंग ताठ केलं, आता येणार पुढं. ती आली नाही. एक पाऊल मागं सरली आणि तिथंच उभी राहिली, गुडघे जरा वाकवून, हात वर, एकटीच्या पायांवर. छाती भात्यासारखी हलत होती. कशावर टेकली नव्हती. वस्तादांनी नुसता चष्मा पुसला.

तेवढ्यात दारात आत्यांच्या चपला दिसल्या. डॉक्टरांकडं जायचं होतं, आजच ते सांगणार होते.

"नाही म्हणाले तर रडायचं नाही," आत्या म्हणाल्या.

"नाही म्हणाले तर दुकानात उभी राहीन. आणि पहिलं तुला सुधारीन. इस्त्री करताना टेबलावर रेलतेस, म्हणून पाठ दुखते तुझी."

"हो म्हणाले तर?"

"तर घरी येऊन विचार करीन. लगेच नाही सांगणार."

"बघितलंत वस्ताद? हिला दमवायला आणली होती, ही मलाच शिकवायला लागली."

दोघी गेल्या. त्यांचे पाय दारातून डावीकडं वळले. काय निघालं, मला ठाऊक नाही. ती उद्या येईल, आपले बूट परत न्यायला येईल, किंवा नुसतीच दारात उभी राहून जाईल. तिचं तिला कळू दे. मला पुन्हा टांगलं नाही तरी माझं काही म्हणणं नाही, भरपूर लटकलो.

विनंती आहे ती केर काढणाऱ्या बाईंना. बाई, झाडताना मला भिंतीकडं तोंड करून लोटू नका. आहे असाच राहू द्या, दाराकडं. येणारे पाय मला दिसले पाहिजेत.