बुटकीचं पूर्ण तिकीट

समजा, तुम्ही बसच्या पायरीवर उभे आहात. एक पाय वर, एक अजून रस्त्यावर. मागची माणसं ढकलताहेत आणि तुमच्या कानाशी कुणीतरी हळूच म्हणतंय, "गुडघे." काय कराल?

आपल्या गोष्टीतली मुलगी गुडघे वाकवायची. फ्रॉकच्या आत, थोडेसेच, बाहेरून कळणार नाहीत इतके. मान खांद्यांत ओढून घ्यायची आणि दारातल्या दांड्यावरच्या लाल पट्ट्याखालून अलगद आत सरकायची. डोकं पट्ट्याच्या खाली असलं की अर्धं तिकीट. वर गेलं की पूर्ण.

जन्मली तेव्हा वीतभर होती, म्हणून घरात सगळे तिला बुटकीच म्हणायचे. कानाशी बोलणारा तिचा मामा. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. कुणाचं यंत्र टाके सोडतंय, कुणाचं सुया मोडतंय, कुणाचं नुसतंच रुसलंय. मामा पान्हे-पेचकसांची जड पिशवी खांद्याला लावून या उपनगरातून त्या उपनगरात बसने हिंडायचा. बुटकीची आई परगावी नोकरीला. शाळेला सुट्टी असली की पोरीला एकटीला घरात ठेवणार कुणाच्या भरवशावर? म्हणून तीही बरोबर.

आता भाचीला असले धडे देणं बरोबर नाही, हे तुम्ही मला सांगायला नको. मामालाही ते कळत होतं. पण महिनाअखेर होती. खिशात जाण्यायेण्यापुरतेही नाही, फक्त जाण्यापुरते पैसे होते, तेही एक पूर्ण आणि एक अर्धं धरून. परतीचं भाडं जिथे जायचं तिथल्या कामातून सुटायचं होतं. आणि जायचं होतं ते ठिकाण असं, की मामाला आदल्या रात्री झोप लागली नव्हती. शाळेचे गणवेश शिवणारा मोठा कारखाना. मालकीणबाईंनी निरोप धाडला होता, "बाराच्या आत या. काम पटलं तर सगळ्या यंत्रांची वर्षभराची देखभाल तुमच्याकडे." वर्षभराची! म्हणजे दारोदारची पायपीट संपली.

पूर्वी तिकडे सरळ बस जायची. ती कुणीतरी बंद केली. आता चौकापर्यंत एक बस, तिथून दुसरी. त्यात पहिली येता येईना. थांब्यावरच्या पाटीवर 'येत आहे' अशी अक्षरं सकाळपासून झळकत होती.

"कुठून येते आहे, ते लिहायला पाहिजे यांनी," मामा म्हणाला. "परदेशातून येत असेल तर माणूस घरी जाऊन जेवून तरी येईल."

शेवटी आली, ती खच्चून भरून. मामाने तिला पुढे सरकवत म्हटलं, "गुडघे," आणि बुटकीने गुडघे वाकवले.

"ए मुली, सरळ उभी राहा गं," कंडक्टरबाई म्हणाल्या.

बुटकी सरळ झाली. डोकं पट्ट्याच्या चांगलं वर गेलं.

"पूर्ण तिकीट."

"अहो बाई, बूट आहेत ते," मामा म्हणाला. घोडं बुटांपाशीच अडलंय, अशी त्याची खात्री होती. मागच्याच आठवड्यात मामाने जुन्या बाजारातून जाड तळाचे बूट आणले होते. चालून चालून पोरीचे बूट झिजतात, हे तरी दोन वर्षं टिकतील, असा हिशेब. त्या तळांनीच पोरीला उचलून पट्ट्याच्या पार नेलं, असं त्याला वाटत होतं.

"नियमात बुटाचं काही नाही," बाई म्हणाल्या.

"मग मी टोपी घातली तर टोपी मोजाल का?" खिडकीतल्या एका टकल्या गृहस्थांनी विचारलं.

"तुम्ही टोपी घाला नाहीतर छत्री उघडा, तुमचं पूर्णच आहे."

बस हसली. मागून कुणी ओरडलं, "सोडा हो, बोटभराचा तर प्रश्न!" त्यावर दुसरं कुणी, "बोटभर बोटभर करूनच आगार बुडालं!" तिसऱ्याला कामावर खाडा पडणार होता, त्याचं म्हणणं एवढंच की पोरगी उंच असो की बुटकी, बस हलवा.

"काढ बूट," बाई बुटकीला म्हणाल्या. "तुझ्या मामाचंही समाधान होऊ दे."

बुटकीने बूट काढून हातात घेतले. अनवाणी टाचा दांड्याला टेकवल्या. बाईंनी तिच्या डोक्यावर सपाट पंजा ठेवला, तसाच दांड्यापर्यंत सरकवला. सगळी बस माना वर करून बघत होती. पंजा पट्ट्याच्या वर टेकला.

"गेल्या महिन्यात खाली होती," मामा पुटपुटला.

"गेल्या महिन्यात माझा खांदाही दुखत नव्हता. मुलं वाढतात, दादा. त्यात माझा काय दोष?" बाईंनी तिकीट फाडलं. "घ्या. पूर्ण काढलंत, आता मांडीवर नाही घ्यावं लागणार. वेगळी जागा मिळेल हिला."

"कुठे आहे जागा?" मामाने विचारलं. बसमध्ये सुई टोचायला जागा नव्हती. चौकापर्यंत दोघं उभ्यानेच आली.

चौकात दुसरी बस उभीच होती. दार उघडं, निम्मी रिकामी. मामाने खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. एकाच माणसाचं भाडं उरलं होतं. बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

"चल," मामा म्हणाला.

चालायचं तरी कुठून? पूल फक्त गाड्यांसाठी. पुलाखालचा पदपथ उकरून ठेवलेला. वळसा घालून जावं तर एका मोठ्या वसाहतीची संपता न संपणारी भिंत. पिशवीचा पट्टा खांद्यात रुतत होता, मागून रिकाम्या बसगाड्या धूळ उडवत जात होत्या. मामाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"कुणी सांगितलं होतं वाढायला?" तो एकदम म्हणाला. "जरा महिनाभर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

बुटकी खाली बुटांकडे बघत चालू लागली.

भिंतीच्या टोकाला पोचल्यावर मामाने मागे वळून पाहिलं. बुटकी बरीच मागे राहिली होती आणि विचित्र चालत होती. जवळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ती गुडघे वाकवून चालत होती. भर रस्त्यात, जिथे मोजायला कुणीच नव्हतं तिथे.

"काय झालं? बूट चावतात?"

"नाही."

"मग?"

"परतीच्या बससाठी सवय करते आहे. आधीपासून वाकलेलीच असले, तर त्या बाईंना कळणार नाही."

मामाने पिशवी खाली ठेवली. त्याला पुष्कळ काही बोलायचं होतं. पण सकाळपासूनच्या चिडचिडीत बाहेर पडलं ते रागावल्यासारखंच.

"सरळ चाल," तो म्हणाला. "ताठ. पुन्हा वाकलेली दिसलीस तर बघ."

कारखान्याच्या फाटकात एक स्कूटर उभी होती. आत दुसरा कारागीर यंत्रं उघडून बसला होता. वर्षभराचं काम त्याच्या हातात गेलेलं लांबूनच दिसत होतं.

"मी वाट पाहिली हो," मालकीणबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. "पण मला माल द्यायचाय. तुम्ही लवकर निघायचंत."

"लवकरच निघालो होतो," मामा म्हणाला. पुढचं सगळं, ती पाटी, तो पट्टा, तो पूल, सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला बहाणाच वाटणार. त्याने सांगितलं नाही.

बाईंनी जरा विचार केला. "कात्र्यांना धार लावाल? बायका रोज माझा जीव खातात."

मामा यंत्रांचा कारागीर. कात्र्यांना धार लावणारे वेगळे, दारावरून ओरडत जाणारे. पण तो ओट्यावर बसला आणि त्याने सगळ्या कात्र्यांना धार लावली. बुटकी एकेका कात्रीने चिंध्या कापून बघत होती आणि "ही झाली," "ही अजून चावते" असं सांगत होती. हातात पडले ते परतीच्या भाड्यापुरते आणि वर थोडे.

परतीच्या बसला कंडक्टर निराळा होता, पेंगुळलेला. मामा आधी चढला आणि कुणी विचारायच्या आत म्हणाला, "दोन पूर्ण."

कंडक्टरने बुटकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोजू का? बसेलही अर्ध्यात."

"नका मोजू," मामा म्हणाला. "पूर्णच आहे ती."

एका बाकावर दोन जागा होत्या. बुटकी खिडकीशी बसली नाही. बाहेरच्या बाजूला बसली, तिकीट मुठीत धरून. मामाने मांडी सवयीने मोकळी ठेवली होती. थोड्या वेळाने त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

दोन थांब्यांनंतर एक म्हातारे गृहस्थ चढले. हात गळ्यात अडकवलेला, प्लास्टरमधला. दुसऱ्या हाताने ते धरायला काही शोधत होते. बसलेली माणसं एकाएकी खिडकीबाहेर बघू लागली. मामाही बघू लागला.

"आजोबा, इथे बसा," बुटकी म्हणाली.

"अगं बस की," मामा दबक्या आवाजात म्हणाला. "पूर्ण पैसे मोजलेत तुझे. इतकी वर्षं जागा नव्हती, आज मिळाली तर..."

पण ती उठली होती. म्हाताऱ्याला तिने कोपराला धरून बसवलं. मग बाकाच्या पाठीचा दांडा धरून, पाय जरा फाकवून, ती दोघांच्या शेजारी उभी राहिली. बस वळणावर जोरात कलली, उभी असलेली माणसं लवली, आणि बुटकीचे गुडघे मात्र सरळच राहिले.