सहा टेकू

धाकट्या मिस्त्रीने झाडाचा बुंधा तोडला आणि झाड तसंच हवेत उभं राहिलं.

त्याने माऊसवरचं बोट उचललं. पडद्यावरच्या कुऱ्हाडीने चार घाव घातले होते, बुंध्याचा चौकोनी ठोकळा सुटून आला होता आणि वरचा सगळा शेंडा पानांसकट जमिनीपासून हातभर वर लटकत होता. तो नकळत खुर्चीत एका अंगाला सरकला. पडणाऱ्या झाडाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं नाही, हे सुताराच्या अंगात मुरलेलं असतं.

"हे पडत का नाही?"

"इथे काही पडत नाही, काका," पुतणी म्हणाली. "वाळू तेवढी पडते. बाकी ठेवाल तिथे राहतं."

"अधांतरी?"

"अधांतरी."

"हं," तो म्हणाला.

गेले सात महिने त्याने बहुतेक गोष्टींना हंच म्हटलं होतं. वाढलं की जेवायचं, कुणी उठ म्हटलं की उठायचं. घरामागच्या वर्कशॉपला कुलूप होतं, किल्ली खिळ्याला लटकत होती आणि जाता-येता त्याची नजर तिच्यावरून घसरून पुढे जात होती. भाऊ गेल्यावर माणूस रडतो. याला रडू आलं नाही. दाढ काढल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं त्याचं आतलं सगळं झालं होतं. चावलं तरी कळू नये असं. शेवटी वहिनींनीच त्याला ढकललं होतं. "भाऊजी, पोरीजवळ जाऊन बसा जरा. ती कसलीशी घरं बांधते. आम्हाला काही समजत नाही, तुम्हाला घर तरी समजतं."

पुतणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या तीन मैत्रिणी आणि ती मिळून या खेळात एक गाव उभारत होत्या. राजाराणीच्या गोष्टीत असतं तसं, टेकडीवर किल्ला, खाली बाजार, लोहाराची भट्टी, गावाबाहेर चेटकिणीचं घर. किल्ल्याखालची गल्ली हिच्या वाटणीला आली होती. तिने तिथे सात घरं बांधली आणि मैत्रिणींनी तिला 'खोकेवाली' असं नाव ठेवलं.

"व्हिडिओ बघून बघून बांधली," ती म्हणाली. "तो माणूस सांगतो, भिंतीला खोली द्या, छप्पर उंच ठेवा. मी देते. तरी ती खोटीच दिसतात. का ते सांगा."

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही तुळई कुठे टेकलीये?"

"कुठेच नाही. शोभेची आहे."

"म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपणहून येऊन बसला. तिने त्याला कुठलं बटण दाबल्यावर चालायचं, कुठल्याने उडी मारायची ते शिकवलं. पहिल्या तासात तो दोनदा विहिरीत पडला आणि एकदा त्याने स्वतःभोवतीच भिंत बांधून घेतली. दार ठेवायचं राहिलं होतं. पुतणी तोंडावर हात धरून हसली. तो हसला नाही, पण उठूनही गेला नाही.

मग त्याचं घर वर येऊ लागलं. आधी दगडाचं जोतं, एकाच रंगाचं नाही, मध्ये मध्ये शेवाळलेले दगड घालून, कारण जमिनीलगतचा दगड ओल धरतो. जोत्यावर चार कोपऱ्यांना जाड खांब. भिंती खांबांच्या एक ठोकळा आत. व्हिडिओतला माणूस ज्याला खोली म्हणत होता ती ही एवढीच होती. खांब भार घेतो, भिंत नुसती वारा अडवते, म्हणून खांब पुढे दिसतो. वरचा मजला खालच्यापेक्षा एक ठोकळा पुढे काढला आणि त्याच्याखाली तुळयांची टोकं उघडी ठेवली. खिडक्यांना झडपा लावल्या. पुतणीच्या हट्टापायी एका कोपऱ्यावर टोकदार मनोरा चढवला आणि वाकडं धुराडंही दिलं, पण त्याच्या पोटातून खालपर्यंत दगडाचा आधार नेला. तो आधार बाहेरून कुणाला दिसणार नव्हता.

"काका, लोक चहा पिऊन येईपर्यंत घर बांधून मोकळे होतात."

"दिसतंय ते."

हे उत्तर खरं म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचं होतं. थोरल्या मिस्त्रीला सगळे 'उद्या मिस्त्री' म्हणत. गिऱ्हाइकाने कपाट कधी मिळणार विचारलं, की लाकूड वाळू दे, उद्या बघू. सरस सुकू दे, उद्या. धाकट्याचं उलट होतं. हात चपळ आणि तोंड हाताहून चपळ. "दादा, तुझं उद्या उजाडेपर्यंत लाकडाला पालवी फुटेल," असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा आणि थोरला मान खाली घालून रंधा मारत राहायचा. दोघांचं मिळून एक बरं चाललं होतं.

छपराची पाळी आली तेव्हा तो थांबला. या छपराला आत लाकडी कैच्या हव्यात, त्या तिकोनी चौकटींवरच सगळं पाखं बसतं, असं त्याने पुतणीला सांगितलं. त्याने कैच्या एकामागे एक उभ्या केल्या आणि मग, तिला काही कळायच्या आत, पायरीच्या आकाराचे ठोकळे तिरके रचत जमिनीपासून कैच्यांपर्यंत सहा टेकू लावले.

"हे काय आता?"

"टेकू. वरच्या आडव्या पट्ट्या ठोकून होईपर्यंत कैची एकटी उभी राहत नाही. कलते."

"इथे नाही कलत."

"असू दे."

"मग काढायचे कधी?"

"वरचं सगळं झालं की. आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्याच्या टेकूला हात लावायचा नाही." हे बोलताना त्याचा आवाज सपाट होता. "दादाचा नियम आहे."

"माहितीये," पुतणी म्हणाली. "लहानपणी पाठ करून घेतला होता माझ्याकडून. वर्कशॉपमध्ये यायचं असेल तर आधी नियम म्हण."

तिच्या नजरेतून सुटण्यासाठी त्याने पडद्याकडे पाहिलं.

त्या नियमानेच सगळं केलं होतं. सात महिन्यांपूर्वी एका गोदामाचं छप्पर चालू होतं. टेकू थोरल्याने लावले होते, सहा, आणि प्रत्येकावर खडूने आपली खूण केली होती. कैच्या कोसळल्या तेव्हा थोरला वर होता. खाली पाचच टेकू लागलेले होते, सहावा सुटून भिंतीशी आडवा ठेवलेला. चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं, हा कुणी काढला? हाताखालचे सगळे सुतार एकसुरात म्हणाले, खूण थोरल्या मिस्त्रींची आहे, आमच्यात दुसरा कुणी हात लावत नाही. मग त्या माणसाने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "दादा वर होता." एवढंच म्हणाला. ते खोटं नव्हतं. माणसाने मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं, थोरल्याने आपला टेकू काढला आणि मग तो वर चढला.

भेटायला येणारे वहिनींसमोर बसून म्हणायचे, अति घाई संकटात नेई. जन्मभर उद्या-उद्या म्हणणाऱ्या माणसाच्या नावावर शेवटी घाई लागली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. वहिनींना वाटलं असावं. त्या काही बोलल्या नाहीत. टेकू कुणी काढला हे आता एकाच जिवंत माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला पुन्हा कुणी विचारलं नाही.

रविवारी तो जेवून आला तेव्हा पुतणी खुर्चीत आधीच बसलेली होती. पडद्यावर त्याचं घर होतं, समोरून, उन्हात. छपराची एक बाजू पूर्ण, दुसरी अजून उघडी. घर चांगलं दिसत होतं. इतकं चांगलं, की क्षणभर त्याला काय कमी आहे ते समजलंच नाही.

"टेकू कुठेत?"

"काढले. मैत्रिणींना फोटो पाठवायचा होता, आडवे येत होते."

"सगळे?"

"सहाच्या सहा. बघा की, कुठे काय पडलंय?" ती वळली आणि त्याचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. "काका, सॉरी. नियम माहितीये मला. पण इथे काय पडणार आहे?"

तो उभाच होता. गालातली बधिरता उतरायला लागते तेव्हा आधी काही टोचतंय एवढंच कळतं, कुठे ते कळत नाही. त्याला तसं झालं. त्याने खुर्चीची पाठ धरली.

"परत लाव," तो म्हणाला.

"लावते. पण एवढं काय..."

"मीही हेच म्हटलं होतं. काय पडणार आहे."

पुतणीचा हात माऊसवर तसाच राहिला.

"शिडी आत येत नव्हती," तो म्हणाला. "मोठी शिडी. दाराजवळचा टेकू आडवा येत होता. दादाला हाक मारली असती तर म्हणाला असता, थांब, मी खाली उतरतो, मग काढू. अर्धा तास गेला असता. मी दोन ठोके मारले आणि पाचर उडवली. म्हटलं पाच आहेत, शिडी घेतो आणि लगेच लावतो."

"तुम्ही?"

"मी."

ती पडद्याकडे बघत राहिली. खेळातल्या मेंढीचं बें बें खोलीभर ऐकू येत होतं. तिने आवाज बंद केला. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्याला वाटलं, ही आता ओरडली तर बरं होईल. ती ओरडली नाही.

"सगळे म्हणतात बाबांनी घाई केली," ती म्हणाली. "मी पण म्हटलं. मनातल्या मनात. सात महिने मी त्यांच्यावर चिडलेय, काका."

त्याने खुर्चीची पाठ सोडली.

"आईला माहितीये?"

"नाही."

"सांगा."

स्वयंपाकघरात वहिनी शेंगा मोडत होत्या. काट्‌, काट्‌, असा आवाज मघापासून येत होता, आता तो फार जवळून आल्यासारखा वाटला.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

पुतणीने पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"उद्या बाबा म्हणायचे," ती म्हणाली. "तुम्ही कधीच म्हणत नव्हता."

तो निघाला. मधल्या खोलीतून जाताना खिळ्याला लटकलेली वर्कशॉपची किल्ली दिसली. स्वयंपाकघराच्या दारात तो थांबला. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, मांडीशी परात, पुढ्यात शेंगांचा ढीग. त्यांनी मान वर केली नाही.

"झालं घर?"

"नाही."

"मग आज तिथून लवकर उठलात."

"वहिनी," तो म्हणाला, "घाई दादाची नव्हती."

एक शेंग अर्धवट मोडून वहिनींचा हात थांबला. त्यांची नजर त्या शेंगेवरच होती. मग त्यांनी ती ढिगात परत ठेवली आणि परात मांडीजवळून दूर सरकवली. त्याला उभं राहवेना, पण बसायची हिंमत होत नव्हती.

"शिडी आत येत नव्हती म्हणून मी..." त्याला सगळं एका दमात सांगून टाकायचं होतं. शब्द एकमेकांवर आदळायला लागले.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "सावकाश सांगा. पहिल्यापासून."

तो दाराशीच खाली बसला. आतल्या खोलीतून माऊसचा आवाज येऊ लागला. पुतणी टेकू परत लावत होती.