पहिलाजशेठचं नुख

अकोल्याच्या त्या घरात पापड आणि पाणी समोर आलं, तरी पहिलाजशेठनी पापडाला हात लावला नाही. सिंध्याच्या घरी पापड नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमानच. पण खरं सांगितल्याशिवाय यांचं खाणं त्यांना पटेना. नातू अंकुर आणि या घरची आचल, दोघांचं जमलेलंच होतं. उरला होता एकच प्रश्न, आणि तो आचलच्या आजीनं, देवीबाईंनी, विचारलाच.

"तुमचं नुख कोनतं?"

नुख म्हणजे कूळ. एका नुखात लग्न होत नाही. अमरावतीहून निघतानाच अंकुरनं बजावलं होतं, "दादा, कोनतंबी सांगून द्या." पण ज्या माणसानं कापडाच्या दुकानात उभ्या जन्मात बोटभर कापड कमी मापलं नाही, तो इथं खोटं काय बोलणार!

बोलणं सिंधीत चाललं होतं. पण जीव घाबरा झाला की पहिलाजशेठ वऱ्हाडीवर येत.

"मले नुख नाई. फाळणीच्या वक्ताले कराचीच्या बोटीत मी तान्हा सापडलो. आई कोन, मालूम नाई. निर्वासितांच्या कॅम्पातल्या घराघरानं मले पोसलं. शाळेत मास्तरनं आडनाव लिवलं, सिंधी." त्यांनी खिशातून काळ्या दोऱ्यातला ताईत काढला. "हा गळ्यात होता. पीराचा हाये. मंग मी हिंदू का मुसलमान, तेबी सांगता येत नाई."

अंकुरनं कपाळावर हात मारला.

देवीबाईंनी ताईत घेऊन डोळ्यांना लावला. मागे देव्हाऱ्यात झुलेलालची ज्योत होती, शेजारी नानकांची तसबीर.

"माह्याबी गळ्यात असाच होता," त्याही वऱ्हाडीतच म्हणाल्या. "लेकरू बिमार पडलं की सिंधातल्या आमच्या गावच्या बाया पीराकडेच जात. झुलेलाल आपला, नानक आपला, पीरबी आपलाच."

"पन नुख?" पहिलाजशेठनी विचारलं.

"आमी तेजवाणी कावून? कधीकाळी तेजू नावाचा एक मानूस होता, त्याच्या वंशातले म्हनून. नुखबी असंच कोनापासून तरी सुरू होते. त्याले कोनी इचारलं, तू कोनाचा? तुमी बोटीतून उतरले, घर उभं केलं, लेकरं शिकवली. आता तुमच्यापासून पहिलाजाणी. लग्नाच्या पत्रिकेत तसंच छापा." मग मिश्कील हसल्या. "आन तुमचं नुख तर आजच जन्मलं, ते आन आमचं एक असनच कसं?"

आपण कोणाचे, हे पहिलाजशेठ जन्मभर शोधत आले होते. आता नातवंडं-पतवंडं त्यांच्या नावानं ओळखली जाणार होती. भरल्या घरात म्हातारा ढसाढसा रडला, आणि रडता रडताच त्यानं पापड मोडला.